विहीणबाईंशी बोलायचंय

मुलाच्या, दावूरच्या लग्नाहून परतताना चीनमधल्या छिफंगच्या स्टेशनवर विहीणबाईंनी आनारकुलचे दोन्ही हात धरले आणि त्या बोलायला लागल्या. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी रुमालाच्या टोकानं टिपले आणि पुन्हा बोलत राहिल्या. मध्येच एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा नवी नवरी झालेल्या आपल्या लेकीकडे बघितलं, एकदा आनारकुलच्या छातीवर तळवा टेकवला. गाडीची शिट्टी झाली तेव्हा कुठं थांबल्या.

"काय म्हणाल्या हो त्या?" डब्यात बसल्यावर आनारकुलनं नवऱ्याला विचारलं.

हारसाननं पिशव्या वर सरकवल्या, डोक्यावरची पांढरी टोपी नीट केली. "म्हणाल्या, प्रवास सांभाळून करा."

"एवढंच?"

"साधारण तेवढंच."

आनारकुल खिडकीबाहेर बघत बसली. इतकी रडारड करून कुणी 'प्रवास सांभाळून करा' म्हणत नाही, हे कळायला चिनी यावं लागत नाही. आणि आपण काय केलं? मान हलवली आणि गाल दुखेस्तोवर हसलो. आठवडाभर तेच. विहिणीनं ताटात वाढलं की हसायचं, अंगावर शाल घातली की हसायचं. शेवटी त्या घरातली म्हातारी आत्या म्हणे दावूरला विचारत होती, तुझ्या आईला बोलता येतं ना रे?

आनारकुलला चांगलं बोलता येत होतं. ती काराकोलच्या वरच्या कुरणांतल्या किरगीझ मेंढपाळाची लेक. किरगीझ तिची आईची भाषा, रशियन शाळेत आलेली. थोरल्या लेकीनं रशियन नवरा केला तेव्हा जावयाशी ती दोन तास बटाट्याच्या भावावर बोलली होती. राहिली होती फक्त सासरची भाषा. हारसान दुंगान, काराकोलजवळच्या इर्दिक गावचा, लसूण पिकवणारा. त्याचे पूर्वज चीनमधून डोंगर ओलांडून इकडे आले ते आपली चिनी बोली घेऊनच. पण सुनेशी सगळे किरगीझ बोलायचे आणि आपसांत दुंगान. जेवणावर हशा पिकला की आनारकुल विचारायची, काय झालं? कुणीतरी सांगायचं, काही नाही, असंच. अशी तीस वर्षं गेली. ती भाषा तिनं कधी शिकली नाही, आणि कुणी शिकवलीही नाही.

पुढच्या हिवाळ्यात सून यूतिंग बाळंतपणासाठी इर्दिकला राहायला आली. दावूरची नोकरी बिश्केकला, तो महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. यूतिंग बिश्केकमध्येच शिकलेली, त्यामुळे तिचं रशियन आनारकुलपेक्षाही चोख. एक दिवस कणीक मळता मळता आनारकुल म्हणाली, "बाळाला बघायला तुझी आई येणार ना?"

"वसंतात येईल, आपा." किरगीझमध्ये आईला म्हणतात तसं ती सासूला 'आपा' म्हणायची.

"मग मला चिनी शिकव. तिच्याशी बोलायचंय मला."

चुलीजवळ बसलेला हारसान खो खो हसला. "चिनी? अगं, ती आमच्यात आईच्या दुधाबरोबर येते. या वयात कणकेबरोबर येत नसते."

"तुमच्या दुधात आली, म्हणून तर सगळ्या बोलण्याचं 'प्रवास सांभाळून करा' झालं," आनारकुल म्हणाली. "गप्प बसा नि लसूण सोला."

यूतिंगनं हातात डाव घेतला आणि हवेत फिरवून दाखवला. शब्द एकच, पण आवाज चार तऱ्हांनी चालतो. पहिला पठारावरून सरळ जातो. दुसरा चढ चढतो. तिसरा दरीत उतरून पुन्हा वर येतो. चौथा कड्यावरून कोसळतो. आनारकुलला हे चटकन पटलं. डोंगरात वाढलेल्या बाईला चढउतार काय समजावायचे? मात्र पटणं वेगळं आणि जिभेनं चढणं वेगळं.

"पठारावर 'मा' म्हटलं की आई," यूतिंग म्हणाली. "दरीत उतरून 'मा' म्हटलं की घोडा. सांभाळा हं, आपा. आईला घोडा म्हणाल."

"लोक रागावतात?"

"हसतात."

"मग काय झालं! माझ्या आईला कुणी घोडा म्हटलं असतं तर तिनं त्याला जेवायला घातलं असतं."

त्या दिवसापासून घरात आवाजांचे डोंगर उभे राहिले. आनारकुल धार काढताना गाईला चिनीत विचारायची, तू कशी आहेस? गाय मान फिरवायची. झाडताना 'हा खराटा आहे', लोणचं काढताना 'हा मुळा आहे'. शेजारीण कुंपणावरून बघायची आणि डोक्याशी बोट फिरवायची. यूतिंग मात्र शिकवायला कडक. एक शब्द वाकडा गेला की "पुन्हा". सकाळी उठायला तिला उशीर व्हायचा, पण धडा चुकला नाही.

हारसानला राहवायचं नाही. तो आपली दुंगान घेऊन मध्ये घुसायचा. एकदा त्यानं सुनेला अगदी थाटात विचारलं, तुझ्या आईची उडती नाव कधी उतरणार? यूतिंगनं कपाळ टेबलावर टेकलं आणि हसून हसून तिचं पोट हलायला लागलं.

"बाबा, उडती नाव नाही हो, विमान. आता वेगळा शब्द आहे. आणि बँकेला 'पैशाचं दुकान' म्हणू नका. तुम्ही माझ्या खापरपणजोबांसारखं बोलता."

"म्हणजे तुझे खापरपणजोबा शहाणे होते," हारसान म्हणाला. "उडते, नावेसारखी बसायला जागा असते, मग दुसरं काय म्हणायचं?"

अशाच एका दुपारी आनारकुल शेवया लाटत होती. यूतिंगनं नवा धडा काढला: अमक्यासारखं तमकं. 'श्यांग' म्हणजे सारखं. चंद्र ताटलीसारखा, पोरगं बापासारखं. आनारकुलचे हात थांबले.

"हा शब्द मला येतो," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंचा आशीर्वाद होता. मी शेवया केल्या की त्या दर वेळी म्हणायच्या, 'त्सू दि श्यांग शंगझ.' दुंगानमधलं एवढं एकच वाक्य मला पाठ आहे. आता कळेल तरी, काय सारखं ते. सांग बघू."

यूतिंगचा चेहरा लाल झाला. तिनं सासऱ्याकडे बघितलं. हारसानला अचानक लसणाच्या वाफ्यातली काही कामं आठवली, तो उठलाच.

"बसा खाली!" आनारकुल गरजली. "यूतिंग, सांग."

"आपा... म्हणजे... दोरखंडासारख्या जाड."



"अहो," आनारकुल हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या चुलतभावाच्या सुनेनं लग्नानंतर पहिल्यांदा शेवया केल्या, सगळ्या बायका जमल्या होत्या, तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणाले होते?"

हारसान दाराकडे सरकला.

"हेच म्हणाले होते ना? आणि बायका हसून लोळल्या. मला वाटलं, दुंगान बोलले म्हणून खूश झाल्या. तीस वर्षं मी दर लग्नात हा आशीर्वाद देत फिरतेय, आणि तुम्ही बाजूला उभे राहून मिशीत हसताय!"

"आईनंच बजावलं होतं," हारसान बिचकत म्हणाला. "म्हणाली, कुणी सांगू नका तिला. मनानं चांगली आहे पोर, हातानं जाड आहे. वाईट वाटेल."

आनारकुलनं लाटणं उचललं. हारसान दाराशी पोचला होता. पण तिला मागून यूतिंगचा दाबून धरलेलं हसू फुटल्याचा आवाज आला, आणि मग तिचंही हसू सुटलं. हसता हसता तिनं ताटातली एक शेवई उचलून उजेडात धरली. खोटं नव्हतं. आज तीस वर्षांनंतरही गाय बांधता आली असती.

एप्रिलमध्ये यूतिंगला मुलगी झाली, आणि मे महिन्यात, नात चाळीस दिवसांची व्हायच्या आत, विहीणबाई आल्या. नाव मा गुइश्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, डोक्याला करडा रुमाल, दोन्ही हातांत अंगापेक्षा मोठ्या पिशव्या. आनारकुल फाटकात नवीन रुमाल बांधून उभी होती. महिनाभर घोकलेलं तिनं एका दमात म्हणून टाकलं: "या, या. हे घर तुमचंच. वाट लांबची, दमला असाल. आत येऊन चहा घ्या."

गुइश्या जागच्या जागी थांबल्या. पिशव्या खाली ठेवल्या. आणि मग त्यांच्या तोंडून जो धबधबा सुरू झाला, त्यातले आनारकुलला दोन शब्द कळले, एक 'चांगलं' आणि एक 'जेवण'. बोलायला ती शिकली होती, पण पलीकडचा माणूसही बोलणार, हा धडा राहूनच गेला होता!

"मान-मान," ती काकुळतीला येऊन म्हणाली. हळू, हळू.

गुइश्यांनी तोंडावर हात ठेवला. मग लहान वासराला बोलवावं तशा एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "तुम्ही. शिकलात. माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

मग चहा झाला, नात मांडीवर आली, रडारड झाली. संध्याकाळी पुरुष मशिदीत गेले आणि यूतिंग बाळाला घेऊन आडवी झाली, तेव्हा आनारकुलनं मनात वर्षभर ठेवलेला प्रश्न काढला. शब्द कमी पडले तिथं हातवारे केले. स्टेशन, गाडी, तुम्ही रडलात, खूप बोललात. काय बोललात?

गुइश्यांनी बराच विचार केला. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. "खूप रडत होते. तुमच्या मालकांनी काय सांगितलं?"

"प्रवास सांभाळून करा."

दोघी एकदमच हसल्या.

"आता सांगते," गुइश्या म्हणाल्या, आणि आनारकुलच्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश, एकेक शब्द निवडून बोलल्या. "माझी पोरगी सकाळी लवकर उठत नाही. रागावू नका."

"माहीत आहे," आनारकुल म्हणाली. "रागावते."

गुइश्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते लेकीला आत जाऊन सांगितलं.

नातीला पाळण्यात घालायचा समारंभ सोमवारी होता. त्याला मेंढा हवा, आणि मेंढा घ्यायचा तर रविवारी पहाटे काराकोलच्या जनावरांच्या बाजारातच. हारसान निघायला लागला तशी आनारकुल म्हणाली, "आम्ही दोघी जातो."

"तिथं चिनीत बोलणार मेंढ्याशी?"

"मेंढपाळाची लेक आहे मी. तुम्ही लसणाशी बोला."

गुइश्यांना तिनं चहा पिताना सांगितलं, आज आपण बाजारात जायचं, मेंढा 'माइ' करायचा. गुइश्यांचे डोळे चमकले. त्यांचे वडीलही मेंढ्यांतलेच होते, छिफंगच्या पलीकडच्या माळावर. दावूरच्या जुन्या जिगुली गाडीतून शेजाऱ्यानं दोघींना सोडलं.

बाजार ऐन भरात होता. घोडे खिंकाळत होते, मेंढ्या बें बें करत होत्या, लोक हातात हात धरून भाव ओढत होते. गुइश्या बाजारात शिरल्या आणि पाच वर्षांनी लहान झाल्या. रांगेतल्या प्रत्येक मेंढ्याच्या पाठीवर त्यांनी बोटं दाबून पाहिली, शेपटीची चरबी तोलली, ओठ वर करून दात बघितले आणि नाक मुरडून पुढं गेल्या. शेवटी एका तांबूस मेंढ्यापाशी थांबून आनारकुलची बाही ओढली. आनारकुलनं किरगीझमध्ये अर्धा तास घासाघीस केली आणि मेंढा पदरात पाडून घेतला. विहिणीच्या हातात दोर देत ती खुशीत म्हणाली, "तुम्ही धरा. मी चहा आणते. छान 'माइ'!"

चहाच्या टपरीवर गर्दी होती. आनारकुल दोन पेले चहा आणि कागदात मांस भरलेले गरम समसे घेऊन परतली, तर गुइश्या तिथंच उभ्या. हातात दोर नव्हता. मेंढा नव्हता.

"मेंढा?" आनारकुलनं इकडंतिकडं बघितलं. "मेंढा कुठंय?"

गुइश्यांनी छाती पुढं काढली, मुठीतल्या नोटा वर धरल्या. "माइ!" त्या म्हणाल्या. आवाज कड्यावरून कोसळला. "तुम्ही दिलेत त्याहून जास्त मिळाले!"

आनारकुलनं चहा एका पेटाऱ्यावर ठेवला. हवेत हात फिरवून बघितला, दरीत उतरून वर, मग कड्यावरून खाली. यूतिंगचा डाव तिच्या डोळ्यांपुढं आला. दरीतला 'माइ' म्हणजे विकत घेणं. कड्यावरचा 'माइ' म्हणजे विकणं. सकाळपासून आपण कुठला म्हणत होतो?

"मी... कसं म्हटलं?" तिनं विचारलं.

"तुम्ही म्हणालात, मेंढा विकायचा. मी मनात म्हटलं, पण मेंढा तर नाही. मग तुम्ही घेतलात. मला वाटलं, माझे वडील करायचे तसं. सकाळी घ्यायचा, उन्हं चढली की विकायचा. मग तुम्ही म्हणालात, छान विका. मी छान विकला."

आनारकुल त्या पेटाऱ्यावर बसली. चहा सांडला. तिला हसू येत होतं आणि रडूही. हातवारे करत तिनं सांगितलं. पाळणा, पाहुणे, उद्या. खाणार काय?

गुइश्यांनी कपाळावर हात मारला. पुढच्या क्षणी त्या गर्दीत घुसल्या होत्या. आनारकुल समसे छातीशी धरून मागं धावली. बाजाराच्या टोकाला हिरव्या रुमालाची एक लठ्ठ बाई तांबूस मेंढ्याला गाडीच्या डिकीत कोंबत होती.

"ताई, थांबा! तो मेंढा आमचा!" आनारकुल किरगीझमध्ये ओरडली.

"होता," हिरवा रुमाल म्हणाला. "आता माझा आहे. या तुमच्या बाईनं माझी पाठ सोडली नाही. बोटांनी भाव सांगितला, मेंढ्याचे दात दाखवले, माझा हात धरून त्याच्या शेपटीखाली घातला! असली विकणारी मी जन्मात बघितली नाही."

"ती माझी विहीण. तिला विकायचा नव्हता. म्हणजे, मीच सांगितलं विकायला, पण मला सांगायचं होतं, घ्यायचा आहे."

"सकाळी सकाळी काय पिऊन आलात?"

मग आनारकुलनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्टेशन, धडे, गाय, दरी, कडा. ऐकता ऐकता बाई डिकीवर वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले. तिनं शेजारच्या गाडीवाल्याला बोलावलं, त्यानं त्याच्या भावाला. जरा वेळानं बाजाराचा तो कोपरा हवेत हात फिरवत 'माइ' 'माइ' करत होता आणि गुइश्या मास्तरणीसारख्या मान हलवून "नाही, पुन्हा" म्हणत होत्या.

"मेंढा काही परत द्यायची नाही मी," डोळे पुसत बाई म्हणाली. "माझा लेक पलटणीतून सुटून घरी येतोय, त्याच्यासाठी आहे. पण माझ्या दिराकडे याच्याहून चांगला आहे. चला. आणि या बाईला तोंड उघडू देऊ नका, नाहीतर दिराला पण विकेल."

दिराचा मेंढा काळा, आडव्या अंगाचा, खरंच वरचढ होता. पहिल्याच्या नफ्यात वरचा भाव भागला. निघताना आनारकुलनं त्या बाईला हात जोडून समारंभाचं आमंत्रण दिलं, आणि परतीच्या वाटेवर दोघींनी ठरवलं, घरी एक शब्द बोलायचा नाही.

सोमवारी अंगण माणसांनी भरलं. नातीला पाळण्यात घातलं. दोन्ही आज्या दोन बाजूंनी वाकल्या, एकीनं किरगीझमध्ये दुवा दिली, एकीनं चिनीत, आणि नातीनं दोघींना एकच जांभई दिली. हारसाननं मांस वाढायला घेतलं. चांगला तुकडा मानानं विहिणीच्या ताटात ठेवत म्हणाला, "मेंढा नंबरी आहे. कुणी निवडला?"

दोघींनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "कुठंय ती मेंढे विकणारी विहीण?" हिरवा रुमाल कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कॅन घेऊन आत येत होता. गुपिताचं आयुष्य संपलं. बाईनं अंगणाच्या मध्ये उभं राहून सगळा बाजार करून दाखवला, आणि माणसं ताटं खाली ठेवून हसली. दावूरच्या घशात भात अडकला.

हारसान हसता हसता म्हणाला, "अगं, एवढा सोपा शब्द चुकलीस? विकत घेणं म्हणजे, माइ!"

यूतिंगनं झटकन मान वर केली. "बाबा, पुन्हा म्हणा."

"माइ."

आवाज कड्यावरून कोसळला.

"तुमचा कोसळतो!" यूतिंग ओरडली. "तुमच्या दुंगानमध्ये घेणंच कोसळतं! आपा, तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही चिनी बोललाच नाहीत, तुम्ही दुंगान बोललात!"

आनारकुल नवऱ्याकडे बघत राहिली. या घरात बाजाराला निघताना सासूबाई तेच म्हणायच्या, दारातून, पिशवी झटकत. मीठ 'माइ', साबण 'माइ'. तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. कानांनी आपलं आपण ठेवून घेतलं होतं.

"म्हणजे तुला येते की गं आमची भाषा," हारसान चकित होऊन म्हणाला. मग त्याला पुढचं सुचलं आणि त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे मेंढा माझ्या आईनं विकला!"

पुन्हा अंगण फुटलं. गुइश्या मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी आनारकुलच्या बाहीला हात घातला. काय झालं? काय म्हणाले?

हारसाननं सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही नका," आनारकुल म्हणाली. "तुम्ही सांगाल, प्रवास सांभाळून करा." आणि विहिणीकडे वळून, हात हवेत उंच धरून, ती सावकाश सांगू लागली. "माझी सासू. खूप चांगली बाई. बाजारात जायची..."